धाकटीच्या बोअरचं पाणी

सासूबाईंनी पेला ओठाला लावला, एक घोट घेतला आणि पेला परत थोरलीच्या हातात दिला.

“हे विहिरीचं वाटतं.”

“हो, आत्ताच भरलंय. गार आहे.”

“गार आहे गं, पण घशाखाली उतरत नाही. जा, धाकटीकडून तांब्याभर आण.”

थोरली पेला घेऊन उभी राहिली. एवढंसं बोलणं, पण तिच्या छातीत कुणीतरी चिमटा घ्यावा तसं झालं. या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, सासूबाई हेच पाणी पीत होत्या. विहीर सासऱ्यांनी खणलेली. वाटण्या झाल्या तेव्हा अंगणाच्या मधोमध कमरेएवढी भिंत आली आणि विहीर थोरलीच्या बाजूला राहिली. तेव्हा धाकटीने एका शब्दाने कुरकुर केली नव्हती. उलट आठ-दहा वर्षं ती भिंतीवरून बादली पुढे करून म्हणायची, “ताई, तेवढं पाणी द्या ना.” आणि थोरली द्यायची. देताना बरं वाटायचं. किती बरं वाटायचं ते तिला आत्ता कळत होतं.

आठ महिन्यांपूर्वी धाकट्या दिराने स्वतःच्या अंगणात बोअर मारली आणि सगळंच फिरलं. पाणी लागलं ते असं मऊ, की साबणाचा एक हात फिरवला तरी फेसच फेस. डाळ एका शिटीत शिजायची. चहावर तवंग नाही, भांड्याच्या तळाला पांढरा थर नाही. पहिल्या आठवड्यात शेजारीण कळशी घेऊन आली, दुसऱ्या आठवड्यात अख्खी गल्ली. संध्याकाळी धाकटीच्या नळापाशी बायकांची ही गर्दी! आणि धाकटी मध्ये उभी, पदर खोचून, हसत, जशी काही पाणी तिनेच तयार केलं होतं.

थोरली भिंतीच्या अलीकडून कळश्या मोजायची. मोजायचं नाही असं ठरवून मोजायची. रोज सकाळी ती देवापुढे डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, “देवा, मन साफ ठेव.” आणि नेमका तेव्हाच पलीकडचा नळ सुटल्याचा आवाज यायचा, की कान तिकडे गेलेच. एकदा धाकटी बाजारात गेलेली असताना तिने गुपचूप त्या पाण्याने केस धुतले होते. केस असे रेशमासारखे झाले की दिवसभर तिचा संताप संताप झाला.

खरं म्हणजे यातलं इंगित तिच्याइतकं त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, एकवीस वर्षं. विहिरी, बोअर, हातपंप यांचे नमुने गोळा करायचे, बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून आणायच्या, मग कधी जीवाणू, कधी लोह, कधी क्षार. कचेरीत तिला ‘नमुनाबाई’ म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेने म्हटलं असेल. पुढे ते मानाचं नाव झालं. तिने आणलेल्या बाटलीवर साहेब कधी शंका घेत नसत. जड पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे, त्यात चुना जास्त असतो इतकंच, हे तिने किती गावांत किती जणांना समजावलं होतं. पण सासूबाईंना कोण समजावणार? आणि समजावायला गेलं की त्या म्हणणार, “तुला वाईट वाटलं का गं?” त्याला उत्तर काय द्यायचं?

तर त्या उन्हाळ्यात साहेबांनी यादी काढली. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याची तपासणी, वस्ती वस्तीने. यादीत थोरलीची गल्ली होती.

“तुमचीच गल्ली नमुनाबाई, तुम्हीच जा,” साहेब म्हणाले. “चहाही होईल.”

ती पेटी घेऊन गेली. स्वतःच्या विहिरीचा नमुना आधी घेतला, अगदी पद्धतशीर. मग धाकटीच्या अंगणात शिरली, तर तिथे मैफलच भरलेली. दोन शेजारणी, धाकटी, आणि खुर्चीत सासूबाई, हातात पेला.

“आले का सरकार,” एक शेजारीण म्हणाली. “आता बोअरला नापास करणार वाटतं!”

“नापास कशी होईल?” सासूबाई म्हणाल्या. “हे पाणी तपासायला बाटली कशाला हवी? जीभ आहे की. तपासायचं तर तुझ्या विहिरीचं तपास म्हणावं, दगड शिजतील पण डाळ शिजणार नाही.”

सगळ्या हसल्या. धाकटीसुद्धा हसली; मग लगेच पदर तोंडाला लावून म्हणाली, “असं नका हो आई. ताई, बसा ना, पाणी देऊ?”

पाणी देऊ! थोरलीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

बोअरचा नमुना घ्यायची रीत ठरलेली असते. आधी मोटार चालू करून दहा मिनिटं तरी पाणी सोडून द्यायचं, म्हणजे पाइपात साठून राहिलेलं शिळं पाणी निघून जातं आणि जमिनीतलं खरं पाणी येतं. हातातल्या क्षार मोजायच्या मीटरचा आकडा हलायचा थांबला की समजायचं, आता भरायला हरकत नाही. जीवाणूंसाठी नळाचं तोंड ज्योतीने भाजून घ्यायचं, मगच निर्जंतुक बाटली उघडायची. हे ती झोपेतही करू शकली असती. आणि धाकटीने तर आल्या आल्या सांगितलंही होतं, “दोन दिवस स्टार्टर जळालेला होता ताई, आज सकाळी बसवला. मोटार अजून लावलीच नाही. सगळे साठवणीचंच पितोय.”

थोरलीने बटण दाबलं. नळाने आधी हवा ओकली, मग तांबूस धार आली. गंजाचा वास आला. तिला तो आला. आणि तिने पहिल्याच धारेखाली बाटली धरली.

का धरली? पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच विचारत होती. घाई होती म्हणावं तर नव्हती. विसरली म्हणावं तर नळ भाजायची ज्योत पिशवीत हाताला लागली होती आणि तिने ती बाजूला सारली होती. बाटलीचं झाकण लावलं, पेटी बंद केली आणि कागदावर ‘पंप किती मिनिटे चालू ठेवला’ या रकान्यात लिहिलं: दहा.

धाकटी कौतुकाने वाकून बघत होती.

पाचव्या दिवशी अहवाल आला. लोह मर्यादेच्या तिप्पट, जीवाणू आहेत. पिण्यास अयोग्य. कचेरीचा माणूस येऊन बोअरच्या पाइपावर लाल रंगाची फुली मारून गेला.

आणि मग जे थोरलीला हवं होतं ते सगळं झालं. संध्याकाळची गर्दी ओसरली. एक शेजारीण भिंतीवरून बादली पुढे करून म्हणाली, “ताई, तेवढं पाणी द्या ना.” सासूबाईंनी तोंड वाकडं करत का होईना, विहिरीचा पेला संपवला. थोरली पेला भरून देताना मनात म्हणायची, आता बरं वाटेल. तिने वाट पाहिली. बरं वाटलं, नाही असं नाही. पहिल्या दिवशी दोन पेल्यांपुरतं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून पेला भरताना हात जड होऊ लागला.

कारण धाकटी रागावलीच नाही. रागावली असती, चार लोकांत बोलली असती, ‘जळते ही माझ्यावर’ म्हणाली असती तर थोरलीला लढता आलं असतं. ते तर खरंच होतं. पण धाकटी संध्याकाळी भिंतीपाशी आली, डोळे लाल.

“ताई, तुम्ही होतात म्हणून कळलं. नाहीतर किती दिवस आम्ही हे पाजत राहिलो असतो लोकांना. परवा त्या पलीकडच्या घरातल्या मुलाचं पोट बिघडलं होतं ना, त्याची आई आज मला दारातून ओरडून गेली. म्हणाली, तुझ्या पाण्यानेच झालं. मी काय बोलणार? कागदावरच आहे.”

“पोरांची पोटं बिघडतात,” थोरली म्हणाली. “उन्हाळा आहे.”

“नाही हो. तुमचं तपासलेलं कधी चुकतं का?” धाकटीने नाक पुसलं. “ह्यांना सांगितलंय मी, बोअर बुजवून टाका. मुलं काय, कुणाचं लक्ष नसलं की नळ सोडून पितात. नकोच ती. उद्या दुपारी माणसं येतायत, मोटार काढून घेतील आणि वरून खडी टाकतील. कायमचं मिटेल.”

“बुजवायची?” थोरलीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “अगं, औषध टाकून बघता येतं, थोडं थांब...”

“तुमच्या साहेबांनाच विचारलं ह्यांनी. ते म्हणाले, लोह इतकं असेल तर औषधाचं काही खरं नाही.” मग ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “तुम्ही देत जा तेवढं पाणी. पहिल्यासारखं.”

पहिल्यासारखं. थोरलीला वाटलं, आपल्या तोंडात तो तांबूस गंज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवापुढे बसली, पण शब्द काही फुटेना. मन साफ ठेव म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? उठली, तडक कचेरी गाठली. साहेब नुकतेच आले होते, चष्मा पुसत होते.

“साहेब, माझ्या गल्लीतल्या बोअरचा अहवाल रद्द करा. नमुना चुकीचा आहे.”

“म्हणजे बाटल्या बदलल्या?”

“नाही. पंप चालवलाच नाही. पहिली धार भरली. नळही भाजला नाही. आणि कागदावर दहा मिनिटं लिहिली.”

साहेबांनी चष्मा लावला, मग पुन्हा काढला. “नमुनाबाई, तुम्ही?”

“मीच.”

“बरं नव्हतं का?”

इथे ‘हो’ म्हणता आलं असतं. चक्कर आली होती, ऊन लागलं होतं, काहीही. साहेबांना तेच ऐकायचं होतं. त्यांनी प्रश्नातच वाट काढून दिली होती. थोरलीने पायाकडे बघितलं.

“बरी होते. ती माझी जाऊ आहे. तिचं पाणी लोकांना आवडतं ते मला बघवत नव्हतं.”

साहेबांनी कपाटातून नोंदवही काढून तिच्यापुढे ठेवली. “लिहा. तुमच्या हाताने. का ते लिहू नका, काय केलंत तेवढं लिहा.” ती लिहीत असताना ते खिडकीकडे बघत म्हणाले, “नमुना मी स्वतः घेतो, आत्ताच. आणि तुम्ही पुढचे तीन महिने बाहेर जायचं नाही. आतल्या खोलीत बाटल्या धुवायच्या.”

“हो साहेब.”

“लोक आपल्या कागदावर विहिरी बुजवतात हो, बाई.”

“हो साहेब.”

ती घरी पोचली तेव्हा धाकटीच्या अंगणात खडीच्या पाट्या येऊन पडल्या होत्या आणि दोन माणसं मोटारीचे नटबोल्ट बघत होती. धाकटी त्यांना चहा देत होती. थोरलीने तिला बाजूला बोलावलं. सगळं सांगितलं, कचेरीत सांगितलं तसंच, एकही शब्द कमी न करता. सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांनाही ऐकू जात होतं.

धाकटीच्या हातात रिकामा ट्रे तसाच राहिला.

“तुम्ही दहा लिहिलंत ते मी पाहिलं होतं,” ती हळू म्हणाली. “मला वाटलं, दहापैकी दहा दिलेत.”

थोरलीला रडूही आलं नाही.

“पाण्यासाठी, ताई?”

“आईंसाठी,” थोरली म्हणाली. “आणि पाण्यासाठी. आणि तू हसलीस म्हणून.”

“मी कधी हसले?”

तिला आठवतही नव्हतं. थोरलीने ते आठवडाभर उराशी धरून ठेवलं होतं आणि हिला आठवतही नव्हतं.

धाकटीने माणसांना सांगितलं, “आज नको. राहू दे.” आणि ती आत गेली. दार लावलं नाही, आपटलं नाही. नुसती आत गेली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “अगं थोरले, एवढंच होतं तर मला सांगायचंस. मी प्याले असते की नाक मुठीत धरून.” त्या समजूत घालत होत्या. थोरलीला ते खडीच्या पाटीहून जड झालं.

साहेबांनी येऊन नमुना घेतला. घड्याळ लावून, मीटर बघून, नळ भाजून. आठवड्याने नवा अहवाल आला. पिण्यास योग्य. लोह मर्यादेत, जीवाणू नाहीत. पण खाली दुसरा रकाना होता, आधीच्या वेळी पिण्याच्या गडबडीत कुणी नीट वाचलाच नव्हता. सिंचनासाठी: अयोग्य. सोडियम फार.

“हेही सांगायला तुम्हीच जा,” साहेब म्हणाले. शिक्षा होती की दया, तिला कळलं नाही.

धाकटी मागच्या वाफ्यांत होती. पालक, टोमॅटो, चार भेंडीची झाडं. तिचा जीव होता त्यांच्यात. यंदा पानांच्या कडा करपत होत्या आणि वाफ्यावर कडक पापुद्रा धरत होता. तिला वाटे पाणी कमी पडतंय, म्हणून ती आणखी सोडायची.

“पिण्याला एकदम चांगलं आहे,” थोरली म्हणाली. “पण झाडांना हे घालू नकोस. यात सोडियम आहे. त्यानेच तर ते इतकं मऊ लागतं. मातीची भोकं बुजतात, वरचं पाणी खाली जिरत नाही.”

धाकटी वळली. चेहरा शांत, पण तो ओळखीचा शांतपणा नव्हता.

“आधी पिण्याला वाईट म्हणालात. आता पिण्याला चांगलं, झाडांना वाईट. पुढच्या आठवड्यात काय, कपडे धुवायला वाईट?”

“अगं, नमुना साहेबांनी घेतलाय. हे बघ, त्यांची सही.”

“सही तेव्हाही होती.”

एकवीस वर्षांत तिने इतकी साधी, इतकी खरी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि समोरचं माणूस ती तिच्याच हातची म्हणून घेत नव्हतं. थोरली परत फिरली, आपल्या दाराशी गेली, पुन्हा आली. हातात दोन काचेच्या बरण्या होत्या, लोणच्याच्या, घासून पुसून लख्ख.

“माझ्यावर विश्वास ठेवू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्या वाफ्यातली माती घे. दोन्हींत दोन दोन मुठी. एकीत माझ्या विहिरीचं पाणी, एकीत तुझ्या बोअरचं. हलव आणि ठेवून दे. मी हात लावत नाही. विहिरीचं पाणीही तूच ओढून घे. काय होतं ते बघ.”

धाकटीने बरण्यांकडे बघितलं, थोरलीकडे नाही. बरण्या घेतल्या.

चार दिवस भिंतीपलीकडून कुणी हाक मारली नाही. थोरली कचेरीत बाटल्या धुवायची, तीनदा साध्या पाण्याने, एकदा शुद्ध पाण्याने, उलट्या टांगायची. घरी आली की भिंतीकडे बघायची नाही. कळश्या पुन्हा सुरू झाल्या होत्या; आवाजावरून कळायचं. सासूबाई पुन्हा तिकडचं पाणी पीत होत्या, फक्त आता पेला मागताना आवाज जरा खाली करत. तो खाली केलेला आवाज तिला जास्त टोचायचा.

पाचव्या दिवशी दुपारी ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा धाकटी भिंतीपाशी आली आणि दोन्ही बरण्या भिंतीवर ठेवल्या. एकीत माती तळाला बसली होती, वरचं पाणी नितळ, आरपार दिसावं असं. दुसरीत अजून चिखलच होता, चहासारखा गढूळ, कणही खाली बसला नव्हता.

“विहिरीची पहिल्याच संध्याकाळी नितळली,” धाकटी म्हणाली. “ही रोज बघते. तशीच आहे.”

“हो.”

“वाफ्यांना विहिरीवरून पाइप टाकायचा म्हणते. चालेल?”

‘ताई’ म्हणाली नाही. थोरली थांबली, येईल मागाहून म्हणून. आला नाही तो शब्द.

“चालेल,” ती म्हणाली. “पहिले काही दिवस भरपूर सोड. मातीत साठलेलं सोडियम धुऊन निघायला हवं.”

एवढ्यात पाण्याला आलेल्या दोन शेजारणींना घेऊन सासूबाई भिंतीपाशी आल्या. एक तीच, नापास म्हणणारी. सासूबाईंनी बरणी उचलून उन्हात धरली.

“बघा, माझ्या धाकटीची अक्कल बघा. पाणी झाडांना चालतं का नाही ते घरच्या घरी शोधून काढलं पोरीने. ना कचेरी, ना मीटर. दोन बरण्या फक्त!”

“अगं बाई,” शेजारीण म्हणाली. “हे सुचलं कसं तुला?”

धाकटीने मान वर केली आणि थोरलीकडे बघितलं. थोरलीला तिच्या नजरेतलं वाचता येईना: आपण सांगतो का ते बघतेय, की ‘सांगू का?’ म्हणून विचारतेय.

शब्द थोरलीच्या जिभेवर आलाच होता. मी शिकवलं. बरण्याही माझ्या आहेत. पाच शब्दांचं काम, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. छातीत तोच जुना चिमटा बसला, तितकाच कडक. तो कमी झालेला नव्हता, आणि कमी होईल असंही काही चिन्ह नव्हतं. हातातला ओला टॉवेल तिने इतका पिळला की पायावर धार लागली.

“छान लावलाय प्रयोग,” ती म्हणाली. मग तिने टॉवेल झटकला आणि दोरीवर टाकला.